लाइट आली म्हणून बंद पडलेली साइट

माझ्या मुलीची वेबसाइट नांदेडच्या एका संगणक संस्थेनं कुणालाही न विचारता बंद केली. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या संस्थेच्या संचालकाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. मी चटकन माफ करणाऱ्यांतला माणूस नाही आणि तसं दाखवायची मला हौसही नाही. पुढं जे झालं ते आठवलं की मात्र छाती हलकी होते. म्हणून हे लिहायला बसलो.

कळमनुरीत माझं जुन्या डिझेल इंजिनांच्या पार्टांचं दुकान आहे. सुरुवात हमालीपासून केली, मग भंगार गोळा करू लागलो. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या तशी लोकांनी इंजिनं काढून गोठ्यात टाकली. ती मी विकत घेऊ लागलो. इंजिन अख्खं विकलं तर भंगाराचा भाव येतो, खोलून विकलं तर पार्टाचा. एवढी एक गोष्ट मला इतरांच्या आधी समजली आणि तिच्यावर माझं घर उभं राहिलं. शाळा माझी सातवीपर्यंत. भाव करताना मात्र मला कुणी हरवल्याचं आठवत नाही.

मुलगी एकुलती एक. बारावीनंतर तिनं नांदेडला त्या संस्थेत संगणकाचा कोर्स केला. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं काहीतरी तयार करून दाखवायचं होतं. कुणी वाचनालयाच्या पुस्तकांची यादी केली, कुणी दवाखान्याची. हिनं माझं दुकान घेतलं. एकेका पार्टाचा फोटो काढला आणि अशी साइट केली की गिऱ्हाईक ज्या नावानं पार्ट मागतं तेच नाव टाकलं की पार्ट समोर यावा. पिस्टनला कुणी पिष्टन म्हणतं, कुणी दट्ट्या. म्हातारी माणसं तर नुसतं "आतलं वरखाली होणारं" म्हणतात. सुट्टीत दुकानात माझ्या शेजारी बसून तिनं हे सगळे शब्द गोळा केले होते. "आतलं वरखाली होणारं" एवढं टाकलं तरी तिच्या साइटवर पिस्टन यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उठलो. दुकानाच्या मागं जाऊन उगाच दोन चाकं इकडची तिकडं केली.

वर्षाच्या शेवटी संस्थेनं प्रदर्शन भरवलं. तिथं माझ्या मुलीची साइट मांडलेली होती आणि खाली नाव होतं संचालकाच्या पुतण्याचं. मी त्याच दिवशी संचालकाच्या केबिनमध्ये घुसलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. संचालक आवाज न चढवता म्हणाला, "हे सगळ्यांनी मिळून केलेलं काम आहे. आणि साइट आमच्या सर्व्हरवर आहे, म्हणजे ती संस्थेची झाली." दुसऱ्या दिवशी साइट बंद. मुलगी शिफारसपत्र मागायला गेली तर तेही मिळालं नाही. तुझ्या वडिलांना बोलायची रीत नाही, एवढं ऐकून ती परत आली.

मी तिला विचारलं, "ह्यो सर्व्हर म्हंजे असतो तरी काय?"

"कॉम्प्युटरच असतो, बाबा. फक्त सदा चालू राहतो."

"मंग आपल्या घरी काहून न्हाई ठेवता येत?"

तिनं घरातल्या टेलिफोनच्या तारेकडं बघितलं. मग म्हणाली, "येतो की."

पुण्या-मुंबईकडं साइट ठेवायला भाड्यानं जागा मिळते, हेही तिनं सांगितलं. पण एका परक्या जागेतून आमचं सामान बाहेर फेकलं गेलं होतं. पुन्हा कुणाच्या ओट्यावर जाऊन बसायची माझी तयारी नव्हती.

त्याच सुमारास आमच्याकडं टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं होतं. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी नांदेडहून सुटे भाग घासाघीस करून आणले, तिनं ते जोडून कॉम्प्युटर उभा केला आणि साइटची सीडीवर ठेवलेली प्रत त्यात घातली. मोडेमच्या आत तिनं काही बदल केले. बाहेरून येणारा माणूस दारात न अडता थेट आपल्या साइटपर्यंत पोचावा म्हणून ते करावं लागतं, असं ती म्हणाली. मग मला एक नंबर दाखवला. चार आकडे, मध्ये टिंबं. हा आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता, जगात कुठंही टाकला की आपली साइट उघडणार.

घरातली वस्तू घरात बसून दिसली यात मला काही विशेष वाटेना. मी तो नंबर पाठ केला आणि एसटीनं हिंगोलीला गेलो. बसस्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. तिथं नंबर टाकला तर इंग्रजीत एक पान उघडलं आणि पासवर्ड मागू लागलं.

कॅफेवाला माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, "काका, हे कुन्याच्या तरी मोडेमचं पान हाय. तुमचं न्हाई."

"माझ्या घरचा नंबर हाय ह्यो."

"व्हता असंल."

त्या "व्हता असंल"वर मी येताना सगळी वाट धुमसत आलो. घरी आलो तर मुलगी दारातच उभी. "बाबा, तुमी निघाले आन् इकडं लाइट गेली. परत आली तवा दुसराच नंबर भेटला."

"आपला नंबर बदलला कोनं?"

"टेलिफोनवाल्यानं. त्यांच्याकडं नंबर थोडे आन् गिऱ्हाइकं जास्त. मोडेम चालू झाला की जो मोकळा असंल तो देऊन टाकतेत."

हे ऐकल्यावर माझा राग उतरला, कारण यातलं सगळं मला कळलं. पहिली काही वर्षं मी आठवडी बाजारात पोतं अंथरून पार्ट विकायचो. बाजारात ठरलेली जागा मोठ्या दुकानदारांची. आमच्यासारख्यांनी सकाळी जाऊन जो कोपरा मोकळा दिसेल तो धरायचा. या आठवड्यात लिंबाखाली, पुढच्या आठवड्यात बैलांच्या बाजूला. मागच्या वेळी बोललेलं गिऱ्हाईक पार्ट घ्यायला यायचं आणि माझ्या जागेवर मिरच्या विकणारी बाई बसलेली असायची. आता आमची साइटही तशीच पोतं अंथरून बसली होती. त्यात लाइटचा काही नेम नव्हता. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण लाइट काही ते वाचत नव्हती.

मग ठरलेली जागाच घेऊन टाकू म्हणून मी टेलिफोनच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं सांगितलं, "कायमचा नंबर मिळतो, पण त्याचं वर्षाचं भाडं वेगळं." भाडं ऐकून मी हसलो. भाव ऐकला की आधी हसायचं असतं. मग मी माझा आकडा सांगितला. तो म्हणाला, दर छापील आहे. मी म्हणालो, छापील तर सगळंच असतं. जरा वेळ असंच चाललं. शेवटी मी उठलो, "राहू द्या मंग" म्हणालो आणि निघालो.

बाजारात असं उठून चालू पडलं की चार पावलांत मागून हाक येते. मी पायऱ्या सावकाश उतरलो. खाली थांबून चपलेचा अंगठा बघितला. फाटकापर्यंत गेलो, तिथं पानटपरीवर उगाच उभा राहिलो. हाक काही आली नाही. दुसऱ्या दिवशी बिलाचं निमित्त काढून परत गेलो तर बाबू म्हणाला, "काल कुठं गेले व्हते? मला वाटलं पानी प्यायला गेले." सरकारी दराला उठून जाणारा माणूस त्यानं आधी पाहिला नसावा. मीही पहिल्यांदाच असा माल पाहत होतो ज्याच्या मालकाला तो विकायचीच घाई नव्हती. नंबर घेतला नाही. छापील दर दिल्याचं मला सहन झालं नसतं.

यातून वाट मुलीनंच काढली. परदेशात कुणीतरी अशी सोय केली होती की तिथं आपलं एक नाव नोंदवून ठेवायचं. आपला नंबर बदलला की आपला कॉम्प्युटर त्यांना नवा नंबर कळवणार, आणि नावानं विचारत येणाऱ्याला ते इकडं धाडणार. म्हणजे बाजाराच्या तोंडाशी चहावाला असतो, त्याला सकाळी सांगून ठेवायचं की आज मी बैलांच्या बाजूला आहे, तसंच.

"पैसे किती?" मी विचारलं.

"फुकट हाय."

"फुकट काहून देऊन राहिले?"

"बाबा, सगळेच तुमच्यावानी नसतेत."

कोपऱ्यातून बायको हसली. मला ते फुकट बरेच दिवस पटलं नाही, पण साइट चालू झाली. एकच अडचण होती. नंबर बदलल्यावर नव्या नंबरची वर्दी सगळीकडं पोचायला थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात कुणी आलं तर त्याला जुन्या जागेवर मिरच्यावाली बाई भेटायची. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. पार्ट मागणारा माणूस अर्धा तास थांबतो.

साइटवर भाव टाकायचा की नाही, यावर आमचं बापलेकीचं भांडण झालं. ती म्हणाली, भाव नसेल तर लोक वैतागतात. मी म्हणालो, भाव लिहिला तर मी दुकानात बसून काय करू? भाव टाकला नाही. तरी एक दिवस आखाडा बाळापूरच्या एका मिस्त्रीचा फोन आला, "साइटवर तिसरं नोझल दिसून राहिलं ना, ते बाजूला ठेवा." फोन ठेवल्यावर मी पूर्ण सकाळ कुणावर ओरडलो नाही. हे बायकोनं नंतर सांगितलं.

पण साइट काही नोझल विकायला केली नव्हती. मुलीला नोकरी हवी होती, आणि शिफारसपत्राशिवाय तिला कुणी दारात उभं करत नव्हतं. तिनं जागोजाग अर्ज टाकले. एका कचेरीतून उत्तर आलं, संस्थेचं पत्र जोडा. बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही. संध्याकाळी दुकानात येऊन पार्ट पुसत बसायची. तिला पार्ट पुसताना बघितलं की मला नांदेडचा तो माणूस आठवायचा आणि समोरच्या गिऱ्हाइकाचं नशीब फिरायचं.

शेवटी पुण्याच्या एका लहान कंपनीतून फोन आला. पत्र नसलं तरी चालेल, म्हणाले, पण तुम्ही जे केलं आहे ते आमच्यासमोर चालवून दाखवा. उद्या सकाळी आमचे साहेब इथून तुमची साइट उघडतील आणि फोनवर प्रश्न विचारतील. तिनं हो म्हटलं आणि भिंतीवरचं भारनियमनाचं कात्रण बघितलं. त्या आठवड्यात सकाळची लाइट आमच्या भागाला नव्हती.

"लाइटचं माझ्यावर सोड," मी म्हणालो.

आमच्या परसात मी एका जुन्या इंजिनाला वीज तयार करणारा अल्टरनेटर जोडून ठेवला होता. ओसरीच्या भिंतीवर एक मोठा खटका होता. वर केला की सरकारी लाइट, खाली केला की इंजिनाची. घरात नियम असा की लाइट आली रे आली की ज्याला आधी दिसेल त्यानं खटका वर करायचा आणि इंजिन बंद करायचं. लाइट असताना डिझेल जाळणं हे आमच्या घरात पाप. हा नियम माझाच. कॉम्प्युटरखाली बॅटरीचा एक डबा होता, तो खटका फिरेपर्यंत कॉम्प्युटरला धरून ठेवायचा. मोडेमची पिन त्या डब्यात बसत नव्हती, म्हणून मोडेम भिंतीतल्या बटणावर.

दुसऱ्या दिवशी लाइट जायच्या आधीच मी इंजिन चालू करून खटका खाली केला. नंबर बदलला तो बदलला, पण वर्दी पोचायला भरपूर वेळ होता. मुलीनं तपासलं, नावानं साइट उघडत होती. मी बायकोला सांगून ठेवलं, फोन चालू असताना भांडं आपटायचं नाही. एवढंच सांगितलं.

फोन आला. फोन बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर आतल्या. मुलगी उभ्यानं बोलत होती, मी स्टुलावर. पलीकडचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. साहेबांनी साइट उघडली, पिस्टन बघितला, दट्ट्या टाकून बघितला. मध्येच विचारलं, "मागे कसला आवाज येतोय?"

"इंजिन आहे सर. साइट त्याच्यावर चालते," मुलगी म्हणाली.

"बरं, फोटोंकडे कसं जायचं?"

ती सांगायला लागली आणि तेवढ्यात शेजारच्या घरातला रेडिओ लागला. वेळेच्या खूप आधी लाइट आली होती. मला ते कळायच्या आत स्वयंपाकघरातून पावलं वाजली, ओसरीवर खटका वर गेला आणि परसातलं इंजिन धाप टाकत बंद पडलं. बायकोचा आवाज आला, "लाइट आली न्हवं. डिझेल काहून जाळून राहिले उगाच?"

मुलीनं आत वळून बघितलं. मोडेमवरचे दिवे विझून एकेक करून पुन्हा लागत होते. फोनच्या तोंडावर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, पत्ता गेला. यांना बोलत ठेवा. फोन ठेवू द्यायचा न्हाई." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ती आत पळाली.

मी म्हणालो, "नमस्कार साहेब. मी मुलीचा बाप."

"नमस्कार. अहो, पान उघडत नाहीये. त्या कुठे गेल्या?"

"पत्ता आणायला गेली."

"कसला पत्ता?"

"घराचा. बदलला आता."

"लाइट गेली का तुमच्याकडे?"

"न्हाई साहेब. लाइट आली."

"आली म्हणून बंद पडली?"

"व्हय. नव्हती तवर बराबर चालू व्हती."

हे खरं होतं, पण ऐकायला बरं नव्हतं, हे मलाही कळलं. साहेब म्हणाले, "असं करू या, मला पुढे एक मीटिंग आहे. मी नंतर केव्हातरी बघतो."

बाजारात "येताना घेतो" म्हणणारं गिऱ्हाईक मी हजार वेळा बघितलं आहे. ते दुसऱ्या वाटेनं जातं. या माणसाला आत्ता पोत्यासमोरून उठू दिलं तर मुलगी पुन्हा संध्याकाळी पार्ट पुसत बसणार होती.

"मीटिंग तुमची का दुसऱ्याची, साहेब?"

"माझीच आहे."

"मंग ती कुठं जाती? तुमी बसल्याबिगर सुरू न्हाई व्हायची."

ते थोडं हसले. मग म्हणाले, "खरं सांगू का? काम नीट केलंय. पण आम्ही बँकांची कामं करतो. इंजिनाच्या पार्टांची साइट करून त्यात काय कळणार?"

नांदेडच्या केबिनमध्ये वापरलेले शब्द जिभेपर्यंत आले. दारातून आतल्या खोलीत मुलीची पाठ दिसत होती. ती मोडेमवर वाकली होती आणि तिची वेणी हलत सुद्धा नव्हती. मी ते शब्द गिळले.

"साहेब," मी म्हणालो, "बँकेत मानूस पैसे मागायला येतो तवा पैसेच म्हनतो ना? आमच्याकडं एका पार्टाला धा नावं. गिऱ्हाईक हात हलवून दाखवतं, तोंडानं आवाज काढून दाखवतं. त्याच्यातून ही पोरगी बराबर पार्ट काढून देती. तिला तुमची बँक काय जड जाती?"

तिकडून कागद गोळा केल्याचा आवाज आला. आता फोन ठेवतात की काय, असं वाटून मी घाईनं विचारलं, "तुमचं गाव कोनतं?"

"मी पुण्यातच वाढलो. आजोळ मिरजेकडे."

"विहिरीवर इंजिन व्हतं?"

"होतं की. सुट्टीत आम्ही पोरं ते सुरू करायला भांडायचो."

"ते चालू करायचं हँडल, त्याला काय म्हनायचे?"

"हँडलला?" आवाज बदलला. "थांबा हं. आजोबा त्याला सोंड म्हणायचे. आमच्या घरातच म्हणायचे बहुतेक, बाकी कुणी म्हणत नसावं. सोंड आण रे, म्हणायचे."

"आन् तोंडावर बसायची का कधी?"

"मामाच्या हनुवटीला बसली होती. दात पडला."

दाताची गोष्ट त्यांनी सगळी सांगितली. मी मध्येमध्ये "अरारा" म्हणत मोडेमकडं बघत होतो. तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "बाबा, घ्या नंबर."

"साहेब, नावानं उघडायला येळ लागंल. पोरगी सरळ नंबर सांगून राहिली, तो टाका." ती एकेक आकडा ओरडायची, मी तो लिलावात पुकारतात तसा फोनमध्ये पुकारायचो, तिकडून बटणं वाजायची.

"उघडलं," साहेब म्हणाले.

मी भिंतीला टेकलो.

"आता मी आमचा शब्द टाकून बघतो. सोंड."

मी पुन्हा सरळ झालो. सोंड आमच्या यादीत असणं शक्यच नव्हतं. दुकानदारानं "नाही" म्हणायचं नसतं, गिऱ्हाइकाला चहा पाजावा, दुसरा पार्ट दाखवावा, पण "नाही" म्हणू नये, हे मी मुलीला लहानपणापासून सांगत आलो होतो. साहेब मोठ्यानं वाचू लागले, "हा शब्द आमच्याकडे नाही." मी डोळे मिटले. ते पुढं वाचत होते, "तुमच्याकडे कोणत्या पार्टाला असं म्हणतात? खालच्या चित्रात दाखवा." एक बटण वाजलं. "मी हँडल दाखवलं... आभारी आहोत. आता हा शब्द आमच्याकडे आहे." पुन्हा बटणं वाजली. "सोंड. हो, आलं. हँडल आलं."

मग त्यांनी तो शब्द आणखी एकदा टाकून बघितला.

"हे तिनं स्वतः केलंय?"

"आमच्या घरात दुसरं कोन करनार, साहेब? मला तर कॉम्प्युटर बंद बी करता येत न्हाई."

"त्यांना द्या फोन."

ती बोलत राहिली, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. मीटिंगचं साहेबांनी पुन्हा नाव काढलं नाही. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. दोघांचे चेहरे बघून तिला काहीतरी कळलं असावं. हळूच विचारलं, "काय झालं? माझ्यानं काही झालं का?"

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या वेळी तोंडातून एवढंच निघालं, "काही न्हाई. इंजिन गरम हाय, हात लावू नको."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मुलगी म्हणायची, कळवतो म्हणालेत. कळवतो आणि येताना घेतो यात फरक काय, हे मला माहीत नव्हतं. मी मिस्त्र्यांशी भांडलो, एसटीच्या कंडक्टरशी भांडलो. नांदेडला माल आणायला गेलो तर मुद्दाम संस्थेच्या रस्त्यानं गेलो आणि समोर उभा राहून पाटी वाचून आलो. आत गेलो नाही. मुलीनं तसं वचन घेतलं होतं.

आणि एका दुपारी पुण्याचा फोन आला. तिनं उचलला, ऐकलं, दोनदा "हो सर" म्हणाली. मग रिसीव्हर माझ्याकडं धरला. "साहेबांना तुमच्याशी बोलायचं हाय. बाबा, एक शब्द बी बोलायचा न्हाई. नुसतं व्हय म्हना."

साहेब म्हणाले, "मुलीला आम्ही घेतोय. काय द्यायचं, कधी यायचं, ते त्यांना सांगितलंय. तुमचं काही म्हणणं?"

माणसानं समोरून विचारलं होतं, तुमचं काही म्हणणं? जन्मात मला कुणी इतका सोपा डाव दिला नव्हता. मुलगी माझ्यासमोर हात जोडून उभी होती, आणि तिच्या मागं तिची आई.

"काही न्हाई साहेब," मी म्हणालो. "समदं बराबर हाय."

फोन ठेवला. बायको देवळीतून गूळ काढायला गेली. मुलगी हसत होती का रडत होती ते नीट कळेना, बहुतेक दोन्ही. मला तिथं थांबवेना. पाठीवरून इंजिन उतरवून ठेवल्यावर जसे पाय आपोआप उचलले जातात तसा मी चालत दुकानात आलो.

औंढ्याकडचा एक शेतकरी वाट बघत बसला होता. त्याला एक लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, हवं होतं. मी किंमत सांगितली. त्यानं निम्मी सांगितली.

"घेऊन जा," मी म्हणालो.

तो पैसे काढता काढता थांबला. लायनर उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं, उलटं करून पुन्हा बघितलं. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "तडा बिडा गेला हाय का ह्याला?"